आदिवासी अंगणवाडी टीचरसाठी मोबाईलवरचं प्रशिक्षण: खानापूर, हल्याळ, जोयडा पट्ट्यातून वारंवार येणारे प्रश्न

बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर, त्याला लागून उत्तर कन्नडातले हल्याळ आणि जोयडा, पलीकडं धारवाडचं कलघटगी. जिल्हे तीन असले तरी जंगल सलग आहे. या पट्ट्यातल्या वाड्यांवर तीन ते सहा वर्षांच्या मुलांना सांभाळणाऱ्या, शिकवणाऱ्या बायकांसाठी ऑनलाईन प्रशिक्षण तयार करताना आमच्यासमोर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथं दिलेत. विचारणाऱ्यांत टीचर आहेत, सुपरवायझर आहेत, पंचायत सदस्य आहेत आणि पुण्या-बेंगळूरहून हौसेनं मदतीला आलेली कॉम्प्युटरवाली मंडळीही आहेत. जमेल तिथं प्रश्न त्यांच्याच शब्दांत ठेवलेत.

इथं आदिवासी म्हणायचं तरी कुणाला?

सरकारी यादी बघितली तर उत्तर चटकन सापडत नाही. सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाचा इथला समाज, उत्तर कन्नड जिल्ह्यात २००३ पासून अनुसूचित जमातीत आहेत. हद्दीच्या अलीकडं, बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांत राहणाऱ्या त्यांच्याच सोयऱ्याधायऱ्यांना ती नोंद मिळायला २०२० साल उजाडलं, आणि तीही संसदेत कायदा दुरुस्त झाल्यावर. गोव्यात कुणबी २००३ पासून यादीत आहेत. जोयड्याच्या कुणब्यांची मागणी मात्र जुनीच आहे. गवळी-धनगर पिढ्यान्‌पिढ्या म्हशी घेऊन जंगलात राहतात, त्यांचीही मागणी तशीच. उलट हुक्केरी-गोकाककडचे बेरड म्हणजे नायक यादीत आहेत, पण त्यांची घरची भाषा कन्नड आणि गावं उघड्या माळावरची. हरणशिकारी, फासेपारधीही यादीत आहेत, आणि त्यांची बोली या सगळ्यांहून निराळी.

म्हणून प्रशिक्षण आखताना जातीचा दाखला बघून भागत नाही. मूल घरात काय बोलतं, त्याचे आईबाप वर्षभर काय काम करतात आणि कामासाठी कुठं कुठं जातात, एवढं विचारलं की कुणासाठी काय वेगळं करायचं ते कळायला लागतं.

सरकारचं ट्रेनिंग असतंच की. परत हे वेगळं कशाला?

असतं, आणि ते वाईट नाही. केंद्राचा ‘पोषण भी पढाई भी’ कार्यक्रम मे २०२३ मध्ये सुरू झाला, २०२४ मध्ये तीन ते सहा वयासाठी ‘आधारशिला’ अभ्यासक्रम आला. कर्नाटकाचा स्वतःचा ‘चिलिपिली’ त्याआधीपासून आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये तर स्पष्ट लिहिलंय: बारावी किंवा पुढं शिकलेल्या कार्यकर्तीला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, त्याहून कमी शिकलेलीला वर्षाची पदविका, हे डीटीएच आणि स्मार्टफोनवरून देता येईल, सोबत महिन्यातून किमान एक प्रत्यक्ष वर्ग. म्हणजे ऑनलाईनची कल्पना काही आमच्या डोक्यातून निघालेली नाही.

अडचण वेगळीच आहे. दिल्लीत तयार झालेला पाठ बेंगळूर, मग बेळगाव, मग तालुका असा उतरत येतो आणि प्रत्येक पायरीला त्यातला थोडा जीव जातो. कणकुंबीच्या पुढच्या वाडीवर पोचेपर्यंत चित्रकार्ड उरतं, आणि कार्डावर असतो ट्रॅफिक सिग्नल. टीचर बिचारी लाल-पिवळा-हिरवा म्हणवून घेते. समोरचं मूल करवंदाचा, जांभळाचा, कुंभ्याच्या नव्या पालवीचा रंग ओळखतं. त्याला कुणी विचारत नाही.

आम्ही सरकारी अभ्यासक्रमाला पर्याय देत नाही. त्यातली उद्दिष्टं तशीच ठेवतो. ती गाठायची कशी, एवढंच वाडीतून शोधतो.

संस्कृतीशी जोडलेलं म्हणजे काय, दमाम वाजवायचा आणि नाचायचं का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा थोडं हसूनच विचारतात. सिद्दी म्हटलं की दमाम हा ढोल आणि धमामी नाच, गवळी म्हटलं की दसऱ्याचं शिलंगण, कुणबी म्हटलं की कंदांचा मेळा. पाहुणे आले की हे दाखवायचं, पाहुणे गेले की परत ‘ए फॉर ॲपल’. याला आम्ही सजावट म्हणतो, आणि खरं सांगायचं तर तिचा कंटाळा आलाय.

त्यापेक्षा कवंडीचं बघा. सिद्दी बायका जुन्या लुगड्यांचे, शर्टांचे तुकडे जोडून जी वाकळ शिवतात ती कवंडी. शिवण कडेकडेनं सुरू होते आणि फिरत फिरत मध्याकडं जाते. चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून केलेली तिकोनी ‘फुलं’ लावल्याशिवाय कवंडी पुरी झाली असं म्हणत नाहीत. तान्ह्या बाळाची कवंडी लहान. आता अभ्यासक्रमात चार वर्षांच्या मुलासाठी काय काय लिहिलंय ते आठवा: आकार ओळखणे, लहान-मोठा, कड आणि मध्य, रंगांची लय, चार कोपरे मोजणे, बोटांचं कौशल्य. सगळं या एका वाकळेत आहे, आणि ती प्रत्येक घरात अंथरलेली आहे.

आमचा पाठ असा चालतो. टीचरच्या फोनवर चार मिनिटांचा ऑडिओ जातो. त्यात सांगितलेलं असतं की घरून एक कवंडी मागवा, मुलांना तिच्यावर बसवा, आणि पहिली पाच मिनिटं काही शिकवू नका. मुलं काय बोलतात ते ऐका. एखादं मूल म्हणतं, हा तुकडा माझ्या आईच्या साडीचा. दुसरं फुलावर बोट ठेवतं. तिथून धागा पकडायचा. हा लाल तुकडा आणखी कुठं सापडतो? कडेकडेनं चालत जाऊन मध्ये कोण पोचतं? दुसऱ्या दिवशी शिवणाऱ्या आजीला बोलवायचं. तिनं काही सांगायची गरज नाही, नुसतं शिवत बसावं. तिसऱ्या दिवशी जमिनीवर पानं-पाकळ्यांची ‘कवंडी’ मुलं स्वतः मांडतात. टीचर तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकते आणि व्हॉईस मेसेजमध्ये सांगते की काय जमलं, काय फसलं. जमलेलं सगळेच सांगतात, फसलेलं सांगायला जरा वेळ लागतो.

गवळीवाड्यावर याच उद्दिष्टांसाठी म्हशी घेतो. तिथलं पाच वर्षांचं पोर शिंगांच्या वळणावरून आणि कपाळाच्या खुणेवरून आपल्या म्हशी ओळखतं, नावानं हाका मारतं. वर्गीकरण शिकवायला याहून चांगलं काय हवं?

मग पूर्ण पाठ तुम्हीच लिहून का देत नाही? टीचरला आयतं मिळेल.

आयतं दिलं की ते वापरलं जातं आणि विसरलं जातं. अर्धा पाठ आम्ही जाणूनबुजून मोकळा ठेवतो. आमच्या अर्ध्यात बालविकासाचं काय ते: या वयात बोटं किती चालतात, भाषा कशी वाढते, एखादं मूल बोलतच नसेल तर काय बघायचं. मोकळ्या अर्ध्यात वाडीनं भरायचं: हे इथं कसं करतात, कोण शिकवतं, कशाला ‘हुशार पोर’ म्हणतात.

ही कल्पना आमची नाही. कॅनडातल्या सस्कॅचवन प्रांतात मेडो लेक ट्रायबल कौन्सिलनं १९८९ मध्ये व्हिक्टोरिया विद्यापीठाला सांगितलं की आमच्या बालशिक्षिका तयार करायच्यात, पण तुमचा तयार कोर्स नको. त्यातून जो अभ्यासक्रम झाला त्यात समाजातले वडीलधारे नेमानं वर्गात येऊन बसत आणि बोलत. विद्यापीठाच्या ज्ञानाला त्यांच्या बोलण्याच्या वर जागा नव्हती. न्यूझीलंडमध्ये १९८२ पासून माओरींच्या ‘कोहंगा रेओ’ बालवाड्यांत आज्या-आजोबाच मुलांशी माओरीत बोलायला लागले.

इतक्या लांब जायचीही गरज नाही म्हणा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या पाड्यांत नेलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. खेळण्यांऐवजी शंखशिंपले, बिया, पानं आली. मराठीत हे सगळं घडून गेलंय. आपण ते मोबाईलच्या नादात विसरतो, एवढंच.

कुठल्या भाषेत? कन्नड, मराठी, की आणि काही?

बेळगावात हा प्रश्न नुसता विचारला तरी आवाज चढतात. आमचं उत्तर कामापुरतं आहे.

सिद्दी घरांत कोकणी-मराठी वळणाची बोली, काही घरांत उर्दू, बाजारात कन्नड. सिद्दी हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमानही आहेत, त्याप्रमाणे बोलण्यातही फरक पडतो. गवळी-धनगरांची मराठी खानापूरच्या शाळेतल्या मराठीहून वेगळी, कुणब्यांची कोकणी. शासनाचे फॉर्म आणि पत्रं कन्नडमध्ये. धोरण सांगतं की या वयात घरची भाषा हवी. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यातही तेच आहे.

म्हणून मुलांशी बोलायचा भाग घरच्या बोलीत, फक्त आवाजात, लिपीच्या भानगडीत न पडता. टीचरसाठीचं स्पष्टीकरण मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन वेगळ्या फाईली. जिला जी हवी ती तिनं ऐकावी. नोंदी आणि अर्ज भरायचा सराव कन्नडमध्येच, कारण तिथं अडलं तर टीचरचंच नुकसान होतं. ‘बोली म्हणजे अशुद्ध भाषा’ असं म्हणणाऱ्या साधनव्यक्तीला, म्हणजे प्रशिक्षण द्यायला आलेल्या माणसाला, परत बोलवत नाही.

आमच्याकडं रेंजच नसतोय. ऑनलाईन कसलं डोंबलाचं?

खरं आहे. भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांवर, जांबोटी-चोर्ला रस्त्याच्या दोन्ही अंगांना फोन म्हणजे बॅटरी आणि घड्याळ. जूनपासून सप्टेंबरपर्यंत वीजही दिवसेंदिवस नसते. तेव्हा ‘ऑनलाईन’चा अर्थ झूमवर लेक्चर असा घेतला तर पहिल्याच आठवड्यात कारभार आटोपेल.

हिशोब साधा आहे. दहा मिनिटांचा साधा व्हिडिओ म्हणजे ३५-४० एमबी. तेवढ्याच वेळाचा बोलण्याचा ऑडिओ नीट दाबून केला तर दोन-अडीच एमबी. म्हणून आमचं जवळजवळ सगळं ऑडिओ आहे. व्हिडिओ फक्त हाताची कृती दाखवायची असेल तिथं, आणि तोही दोन मिनिटांच्या आत. महिन्याच्या सर्कल मीटिंगला टीचर तालुक्याला येतात तेव्हा महिनाभराच्या फाईली मेमरी कार्डवर किंवा ब्लूटूथनं दिल्या जातात. मधल्या काळात ज्याला जिथं रेंज मिळेल तिथून व्हॉईस मेसेज पाठवायचा. उत्तर चार दिवसांनी आलं तरी चालतं. प्रत्येक वाडीवर रेंज येणारा एक दगड किंवा एक चढ असतोच, तो सगळ्यांना ठाऊक असतो.

ॲप बनवा असा आग्रह कॉम्प्युटरवाली मंडळी धरतात. नको. टीचरच्या फोनमध्ये पोषण ट्रॅकर हे नोंदींचं सरकारी ॲप आधीच आहे आणि त्याच्यामागं तिचा किती वेळ जातो ते तिलाच विचारा.

वेळ कधी काढायचा?

दुपार मोकळी असते असं बाहेरच्यांना वाटतं. कर्नाटकात २०१७ च्या ‘मातृपूर्ण’ योजनेपासून गरोदर आणि बाळंत बायका जेवायला अंगणवाडीत येतात, त्यामुळं दुपारीच सगळ्यात जास्त गडबड. नंतर नोंदी, मग घरभेटी, मग स्वतःचं घर, जनावरं, चूल.

पाठ पाच मिनिटांच्या आतले ठेवा आणि ऐकता ऐकता काम करता येईल असे ठेवा. भात लावणी आणि कापणीच्या दिवसांत नवीन काही पाठवू नका. रात्री नऊनंतर ग्रुपवर सूचना टाकणाऱ्या सुपरवायझरना आमची हात जोडून विनंती आहे, बाकी काय बोलणार.

आज्जीला कॅमेऱ्यासमोर बसा म्हटलं की ती उठून जाती. काय करायचं?

समोर बसवूच नका. ती ताक घुसळत असेल, भात पाखडत असेल, तेव्हा फोन शेजारी ठेवा, पण रेकॉर्डिंग चालू आहे हे तिला आधी सांगा. प्रश्न टीचरनं विचारण्यापेक्षा नातवंडानं विचारला तर ती दुप्पट बोलते. ‘आमची संस्कृती सांगा’ असं विचारलं तर कुणीच काही सांगू शकत नाही; ‘बाबू रडायला लागला की तू काय करतेस?’ असं विचारलं की तासभर जातो.

आणि पैसे द्या. तालुक्याहून आलेल्या साधनव्यक्तीला मानधन आणि आजीला चहा, हे बरोबर नाही. तिच्या दिवसाची मजुरी बुडते.

हे रेकॉर्ड केलेलं कुणाचं? यूट्यूबवर टाकलं तर चालेल?

ज्यांनी सांगितलं त्यांचं. विचारल्याशिवाय कुठंही टाकायचं नाही.

काही गाणी ठराविक वेळीच म्हणतात, काही गोष्टी देवराईबाहेर सांगत नाहीत. ‘हे मुलांना सांगायचं का, बाहेरच्यांनी ऐकलं तर चालेल का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही स्वतंत्र विचारा. होकार अंगणवाडीच्या बालविकास समितीच्या वहीत लिहून ठेवा, आणि पुढं कुणी नको म्हटलं तर फाईल काढून टाका. कॅनडातल्या फर्स्ट नेशन्सनी, म्हणजे तिथल्या मूळनिवासी समाजांनी, १९९८ पासून यासाठी मालकी, नियंत्रण, वापर आणि ताबा अशी चार तत्त्वं धरलीत: फाईल समाजाच्या हातात हवी, नुसतं आभारपत्रात नाव येऊन भागत नाही. आपल्याकडं व्यक्तिगत डेटाचा २०२३ चा कायदा मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. म्हणून मुलांचे चेहरे असलेले फोटो आमच्या ग्रुपवरही येत नाहीत; हात, पानं, जमिनीवरची मांडणी, एवढंच.

टीचर एका समाजाची आणि मुलं दुसऱ्या समाजाची असतील तर?

हे अवघड आहे आणि फार ठिकाणी आहे. टीचर मराठा किंवा लिंगायत, मुलं निम्मी सिद्दी. बरीचशी टीचर मनापासून करतात. पण कुरळ्या केसांवरून, रंगावरून मुलं एकमेकांना चिडवतात तेव्हा काय करायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. कधीकधी मोठी माणसंच हसून घेतात. आणि ते हसणं चार वर्षांच्या मुलाला कळतं, कितीही लहान म्हटलं तरी.

हा भाग आम्ही मोबाईलवर देत नाही. ऑडिओ ऐकून कुणाचा पूर्वग्रह गेलेला नाही. त्यासाठी प्रत्यक्ष बैठक, तीही सिद्दी पालकांना सोबत घेऊन, आणि टीचरला आरोपी न करता. मोबाईलवर जातं ते फक्त नंतरचं: ‘परवा असं झालं, मी असं केलं, बरोबर का?’ हा प्रश्न ती टीचर ग्रुपवर विचारणार नाही, म्हणून एकटीला फोन करता येईल अशी एखादी अनुभवी बाई ठरवून द्यावी.

मदतनीस बाईंनाही यात घ्यायचं का?

आधी त्यांनाच घ्या. वाडीतली मुलं, त्यांच्या आज्या, कुणाच्या घरी काय चाललंय हे त्यांना टीचरपेक्षा जास्त माहीत असतं. साधा कीपॅडचा फोन असेल तर टीचरच्या फोनवर दोघींनी मिळून ऐकावं.

आईबाप म्हणतात एबीसीडी शिकवा. कवंडी-बिवंडी घरी बघतोच की.

त्यांना अडाणी समजू नका. कन्नड येत नाही म्हणून ऑफिसातून परत पाठवलेल्या माणसाला भाषेची किंमत तुमच्या-आमच्यापेक्षा चांगली कळते. खानापूर-हल्याळच्या इंग्लिश शाळेची गाडी शेजारच्या गावापर्यंत येते, ती त्यांना दिसते.

भाषण देऊ नका, दाखवा. महिन्यातून एकदा पालकांना बोलवून मुलांनी मांडलेली पानांची कवंडी बघायला लावा आणि मुलालाच सांगू द्या की किती कोपरे, किती फुलं, कुठला रंग कितीदा. मोजणं आलंय हे आईला तिथंच दिसतं. इंग्लिश शब्दांना बंदी नाही. ओळखीच्या वस्तूला दुसरं नाव म्हणून ते सहज येतात.

परीक्षा? सर्टिफिकेट?

बरोबर-चूक प्रश्नपत्रिका नाही. टीचरचे व्हॉईस मेसेज, फोटो आणि महिन्याच्या प्रत्यक्ष वर्गातली चर्चा यांवरून प्रगती बघतो. सर्टिफिकेटबद्दल खोटी आशा दाखवायची नाही: अशा स्थानिक प्रशिक्षणाच्या कागदावर मानधन वाढत नाही. सुरू करण्याआधी सीडीपीओंना (तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना) भेटून हे तास खात्याच्या प्रशिक्षणात धरता येतील का ते विचारा, आणि जे उत्तर मिळेल ते पहिल्याच दिवशी टीचरना सांगा.

तुमचे पाठ आमच्या तालुक्यात वापरले तर चालतील?

आमचा अर्धा भाग खुशाल घ्या. मोकळा अर्धा आमच्या वाड्यांच्या आवाजांनी भरून पाठवा असं म्हणाल तर नाही, तो तुमच्या तालुक्यातच भरायला हवा. जोयड्याचा कंदांचा पाठ मागणारे बरेच येतात. त्यात कुणबी आज्या कुठला कंद कधी खणायचा, कसा उकडायचा, कुठला घशाला खाजतो हे सांगतात. मुलं वजनानं, सालीवरून, वासावरून ओळखतात. गोकाकच्या माळावर तो नेऊन काय करणार? तिथं ज्वारीची कणसं आहेत, मेंढरं आहेत, घटप्रभेचं पाणी आहे. तिथल्या नायक टीचरला कन्नडमध्ये विचारा की सुगीच्या दिवसांत शेतावर नेलेली लहान पोरं दिवसभर काय खेळतात, आणि फोन शेजारी ठेवा.